लवकरच म्हणजे कोणत्या साली?

पिंप्राळ्यात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं गाव, पगार, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "काय हो, माणूस दीडशे वर्षं जगेल असं वाटतं का तुम्हाला?"

मी धुळ्याहून नुकताच आलो होतो. जळगावातल्या एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची नोकरी लागली होती आणि तीन दिवस मित्राच्या खोलीत चौथा म्हणून झोपत होतो. समोरच्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "विज्ञान एवढं पुढे चाललंय. जगेल की लवकरच."

"लवकरच म्हणजे कोणत्या साली?"

मी बोटांवर वर्षं मोजू लागलो.

"साल सांगता येत नसेल तर बोलू नये," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

हे चौऱ्याऐंशी साल. पुढची बारा-तेरा वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो आणि एवढ्या काळात 'लवकरच' हा शब्द त्यांच्यासमोर पुन्हा उच्चारला नाही. दुसऱ्या कुणी उच्चारला की मात्र मला आतून गुदगुल्या व्हायच्या. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार हात जोडून म्हणाला होता, "नाना, गटारीचं काम लवकरच." तो बिचारा अर्धा तास ओट्यावर उन्हात उभा होता. शेवटी साल न सांगताच गेला, आणि निवडूनही आला.

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. हिवताप खात्यातून ते मुदतीआधीच बाहेर पडले होते. उंच, वाळके, अंगात खात्याच्या खाकी रंगाचा बुशशर्ट आणि खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. दाढीशी त्या ब्लेडचा काही संबंध नव्हता, ते वर्तमानपत्रं कापायला होतं. कुणाचंही वर्तमानपत्र. केशकर्तनालयात, किराणा दुकानात, लग्नघरी, जिथे आरोग्याविषयी काही भाकीत छापलेलं दिसेल तिथे नाना ब्लेड काढायचे आणि चौकोन कापून घ्यायचे. मागच्या बाजूला काय छापलंय याची त्यांना फिकीर नसे. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सगळ्या मासिकांना अशा खिडक्या पडल्या होत्या. दर रविवारी ते पॅसेंजरने भुसावळला जात आणि स्टेशनवरच्या स्टॉलवरून इंग्रजी मासिकं आणत. जळगावात भाकितं कमी पडत असावीत.

कापलेली भाकितं घरी तारेत ओवली जात. दुकानदार चिठ्ठ्या टोचून ठेवतात तशा वाकवलेल्या तारा व्हरांड्याच्या भिंतीवर ओळीने लटकत होत्या आणि प्रत्येकीच्या वर ऑइलपेंटने साल लिहिलेलं होतं. भाकीत ज्या साली खरं व्हायचं, त्या सालाच्या तारेत तो कागद. सत्त्याऐंशीच्या तारेत पाच-सहा कागद, नव्वदच्या तारेत मूठभर. सन दोन हजारची तार मात्र एवढी भरली होती की खिळा वाकून खाली आला होता. 'दोन हजारपर्यंत सर्वांना आरोग्य' ही सरकारी घोषणा तेव्हा प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेली असे. तीही नानांनी कागदावर उतरवून त्या तारेत अडकवली होती.

"सगळ्यांनी दोन हजारचाच मुहूर्त का धरला असेल?" मी एकदा विचारलं.

"तोपर्यंत हे सगळे पेन्शनीत निघतात," नाना म्हणाले.

भिंतीच्या कोपऱ्यात, दाराआड, आणखी एक तार होती. तिच्यावर साल नव्हतं. तिच्यात खरी ठरलेली भाकितं. मी राहायला गेलो तेव्हा तिच्यात एकच कागद होता, देवीचा रोग पृथ्वीवरून जाणार असं सांगणारा. तो पिवळा पडला होता. नाना तो कुणाला दाखवत नसत. मला वाटतं, आपल्या छंदात त्याची अडचण होते असं त्यांना वाटत असावं.

दर एकतीस डिसेंबरला दुपारी त्या सालाची तार उतरवली जायची. गल्लीतली वीस-पंचवीस माणसं जमायची. त्याचं कारण नानांच्या पत्नी, अक्का. अक्का त्या दिवशी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि पुऱ्या करायच्या. नाना एकेक कागद सोडवून मोठ्याने वाचायचे आणि निकाल द्यायचे. "जेवणाऐवजी एक गोळी पुरेल. साल पंच्याऐंशी." मग समोरच्या पत्रावळींकडे बघून, "फोल." लोक हसायचे आणि पुरी मागायचे. "शेंगदाण्याचं तेल आणि साजूक तूप सोडा, वनस्पती तूप खा, हृदय सुखरूप राहील. हे लिहिणाऱ्याने आता उलट लिहिलंय. फोल." "रोज दोन अंडी खाणारा ऐंशी गाठेल. आणि हे त्याच मासिकातलं, सात वर्षांनंतरचं, अंडी खाणारा साठही गाठणार नाही. दोन्ही एकाच तारेत ठेवलीत, आपसात बघून घेतील."

अक्का सगळ्यांना वाढता वाढता म्हणायच्या, "मन्ही सासू नव्वद वरीस जगनी. तिले कोणी सांगेल नव्हतं."

अक्का साक्रीकडच्या, घरात अहिराणीच बोलायच्या. नाना मूळचे त्याच भागातले, पण ते कायम खात्याचं मराठी बोलत, समोर अक्का असल्या तरी.

हसणं खूप व्हायचं, पण मला त्यातली एक दुपार आठवते. नानांनी वाचलं, "पाच वर्षांत कर्करोगावर लस," आणि नेहमीसारखं "फोल" म्हणून कागद चुरगाळला. मागच्या ओळीत बसलेले टपाल खात्यातले एक गृहस्थ हातातली पत्रावळ खाली ठेवून उठले आणि निघून गेले. त्यांची आई तीन महिन्यांपूर्वी त्याच आजाराने गेली होती. बिचाऱ्यांनी कदाचित तो कागद आईला वाचूनही दाखवला असेल. नानांच्या काहीच लक्षात आलं नाही. ते पुढच्या कागदावर गेले. अक्कांच्या लक्षात आलं. त्या डबा भरून संध्याकाळी त्यांच्या घरी देऊन आल्या.

नानांना भाकितं करणाऱ्यांचा राग होता, हे ठीक. पण भाकितावर विश्वास ठेवणाऱ्यांचंही त्यांना काही वाटत नसे. तेवढी एक खोट त्यांच्यात होती आणि ती लहान नव्हती.

त्यांचा सगळ्यात मोठा विजय आमच्या डॉक्टरांवरचा. सत्त्याऐंशी साली नानांच्या छातीत दुखलं. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला आणि नानांना बाहेर बसवून मला आत बोलावलं. "तीन वर्षं. फार तर," ते म्हणाले. दाराला पडदाच होता. नाना आत आले आणि शांतपणे म्हणाले, "हे जरा लिहून द्या."

डॉक्टर चांगले होते, पण त्यांचा स्वतःवर फार विश्वास होता. त्यांना वाटलं, म्हातारा घाबरला, त्याला पथ्यपाणी लिहून हवं असेल. त्यांनी खरंच लिहून दिलं. घरी येताच तो कागद नव्वदच्या तारेत गेला.

नव्वद संपलं आणि दुसऱ्याच आठवड्यात नाना दवाखान्यात हजर. हातात सावद्याच्या नातेवाइकाने पाठवलेला केळ्यांचा मोठा घड. सोमवार होता, पेशंट दारापर्यंत उभे होते. नानांनी घड डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, कागद उलगडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. अक्षर कुणाचं, सही कुणाची, तारीख कोणती, सगळं. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, निकाल तुम्हीच द्या."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "औषधं घेतलीत म्हणून जगलात," ते म्हणाले.

"एक गोळी घेतली नाही," नाना म्हणाले.

ते खोटं होतं. अक्का रोज सकाळी गोळी कुटून त्यांच्या चहात टाकायच्या. हे मला माहीत होतं, कारण गोळ्या मीच आणून द्यायचो. पण त्या गर्दीत ते सांगितलं असतं तर घर गेलं असतं, आणि गप्प राहिलो तर नोकरी जायची वेळ. मी गप्प राहिलो. डॉक्टर महिनाभर माझ्याशी फक्त रिपोर्टपुरतं बोलले. पेशंटांनी केळी खाल्ली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी अक्कांवर चिडलो. म्हटलं, "असं लोकांना तोंडघशी पाडून यांना काय मिळतं?" अक्का तांदूळ निवडत होत्या. नाना बाहेर गेले होते. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो.

नाना तरुणपणी फवारणीच्या टोळीत होते. पाठीवर पंप घेऊन साक्री, नवापूरकडच्या गावांत फिरायचे. लोक घरात फवारू द्यायचे नाहीत. भिंती पांढऱ्या पडतात, मांजरं मरतात, देव्हारा बाटतो. मग टोळीचा साहेब नानांना पुढे करायचा, कारण नानांना तिथली बोली येत होती. नाना दारात बसून समजवायचे, पाच वर्षांत डास नावालाही उरणार नाही. खात्याने त्यांना तसं सांगितलं होतं आणि त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. लोकांनी दारं उघडली. काही वर्षं खरंच ताप कमी झाला. इतका कमी की माणसं म्हणायची, गेला. मग तो परत आला. खात्याने नानांना रक्ताचे नमुने घ्यायला त्याच गावात पाठवलं. एका दारात म्हातारा बसला होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्ही सांगं व्हतं, डास मरी जाई. मन्ही नात काल गई."

"त्या दिनपशी हाई असं," अक्का म्हणाल्या, आणि सूप आपटून उठल्या.

त्यानंतर मी नानांची चेष्टा थोडी कमी केली. पूर्ण सोडली नाही, कारण ते तशी संधी देत नसत. भाजी-भाकरीत किती जीवनसत्त्वं आणि रोज किती पाणी प्यावं याची नवी नवी फर्मानं तेव्हा निघत होती, आणि नाना बाजारात ताकवालीलाही विचारायचे, "हे प्यायलं तर किती वर्षं?" ती म्हणायची, "तहान जाईल तेवढं बघा."

मग पोलिओचे थेंब आले.

पंच्याण्णव साल संपत आलं होतं. एका ठरलेल्या दिवशी देशभर सगळ्या लहान मुलांना थेंब पाजायचे, अशी मोहीम निघाली. माणसं कमी पडत होती, म्हणून आरोग्य खात्यातल्या निवृत्तांना बोलावणं गेलं. नाना 'हो' म्हणाले याचं मला फार नवल वाटलं. त्यांनी अट घातली, "थेंब मी पाजतो. बोलायला दुसरा ठेवा."

पिंप्राळ्यातल्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागलं. एक तरुण सिस्टर, नाना आणि बर्फाचा डबा सांभाळायला मी. सकाळभर काम छान चाललं. नाना पोराची हनुवटी दोन बोटांत अशी धरत की त्याचं तोंड आपोआप उघडे. एवढं हळुवार काही त्यांच्या हातून होतं हे मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या सहा-सात बाया आल्या. रेल्वे लाइनच्या पलीकडच्या झोपड्यांत त्या राहायच्या. सिस्टर नेमकी आत गेली होती. पुढची बाई वीस-बावीस वर्षांची असेल. कडेवर वर्षाचं पोर. तिने ते पुढे केलं नाही. म्हणाली, "बाबा, मन्ही बहीणना पोऱ्या हात टेकी चालस. हाऊ रोग खरंच जाई का?"

नाना गप्प राहिले असते तर काम भागलं असतं. नुसतं 'पाज' म्हणाले असते तरी भागलं असतं. पण त्यांना कुणीतरी 'जाईल का' असं विचारलं होतं. त्यांनी खात्याच्या मराठीत सांगायला सुरुवात केली. हिवताप जाणार होता, गेला नाही. क्षयही जाणार होता, तो अजून आहे. सरकार म्हणतं ते सगळं होतंच असं नाही. मी कसं सांगू? उद्याचं कुणालाच माहीत नसतं. ते सगळं खरं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

बाईने सगळं ऐकून घेतलं. पोराला पदराखाली घेतलं आणि वळली. तिच्यामागे बाकीच्या सगळ्या. मी हाका मारल्या, एकही थांबली नाही.

सिस्टर बाहेर आली तोवर त्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या. काय झालं ते मी सांगितलं. वयाने ती नानांच्या मुलीएवढी. तिने हातातलं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "नाना, तुम्हाला खोटं पडायची भीती वाटते ना? त्या पोराचे पाय गेले तर तुम्ही खरे पडाल. खूश व्हाल का? घरी जा तुम्ही."

नानांना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता हे उत्तर देतील. त्यांनी बर्फाचा डबा उचलला आणि चालायला लागले. सिस्टरने मला खूण केली, जा.

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संपेना. नाना डबा छातीशी धरून उभे होते आणि मला म्हणाले, "मी तिला हरलेल्याच गोष्टी सांगितल्या."

झोपड्यांत ती बाई सापडायला अर्धा तास गेला. दारात तिची सासू बसली होती, तोंडभर देवीचे व्रण, एक डोळा गेलेला. बाईने आम्हाला पाहिलं आणि आतूनच म्हणाली, "तुम्हीच सांगं ना, काही जात नही. मंग कसाले उनात?"

नाना जमिनीवर बसले. गुडघा दुखत असल्यामुळे त्यांना बसायला वेळ लागला. मग सासूकडे बघून ते बोलले, आणि मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून अहिराणी ऐकली. "माय, तुले देवी कव्हय उन्यात?"

"धाकली व्हतू तव्हय," म्हातारी म्हणाली. "मन्हा दोन भाऊ गयात."

"आते या वस्तीमा कोण पोऱ्याना तोंडवर अशा डाग शेतस?"

म्हातारीने एका डोळ्याने आजूबाजूला पाहिलं. दहा-बारा पोरं जमली होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. तिने याआधी असं बघितलंच नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"नही," ती म्हणाली. "कोणलेच नही."

"ती गई," नाना म्हणाले. "बठ्ठी गई. मी देखेल शे."

सून दारात आली. "आणि हाऊ?" तिने पोराच्या पायांवर हात ठेवून विचारलं. "हाऊ जाई का? तेवढं सांगा."

ते भाकीत आपल्या देशापुरतं पुढे खरं ठरलं हे आज सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं. नानांना तर नव्हतंच. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. डिसेंबर होता.

"जाई," ते म्हणाले. "नही गया, तर पिंप्राळामा शाळाना मांगे मन्हं घर शे. तठे ये, आणि माले दारमा उभी राहीसन शिव्या दे."

बाईने पोराला पुढे केलं. नानांनी हनुवटी धरली, पण पहिला थेंब त्याच्या गालावर पडला. मग बाकीची पोरं आली. आम्ही त्या वस्तीत सतरा मुलांना थेंब पाजले. येताना फाटक उघडं होतं, तरी नाना तिथे थोडा वेळ थांबले.

"नाना, नाही गेला तर?" मी विचारलं.

"तर ती येईल," ते म्हणाले. "मी घरीच असतो."

ती आलीच. शिव्या द्यायला नाही. पुढच्या फेरीच्या आधी ती दारात येऊन उभी राहिली, थेंब कधी आहेत ते विचारायला. मग त्याच्या पुढच्या फेरीलाही. पोर चालायला लागलं तेव्हा ती त्याला घेऊन आली आणि व्हरांड्यात सोडून दिलं. नाना खुर्चीत बसून त्याच्या पायांकडे बघत राहिले. त्या वर्षी एकतीस डिसेंबरला तार उतरली, पण नाना नुसते वाचत गेले. निकाल लोकांनीच दिले आणि भरीत कमी पडलं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, सकाळी चहा घेता घेता नाना गेले. डॉक्टर स्वतः आले होते. त्यांनी नाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि बॅग बंद केली.

पाचव्या का सहाव्या दिवशी ती बाई आली. तिला उशिरा कळलं होतं. एका हाताला तो पोरगा, कडेवर दुसरी मुलगी, दोन महिन्यांची. ती अक्कांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली, रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "अक्का, आते मी कोणले इचारू?"

अक्कांनी मुलीला तिच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं, तिचे पाय एकेक करून ताणून बघितले, आणि म्हणाल्या, "माले इचार, माय. मी शे ना."